दुसऱ्यांच्या खुडूक कोंबड्या

कोंबडी खुडूक बसली की बाया वैतागतात. रोज अंडं देणारी कोंबडी एका दिवशी खुराड्यातून उठेनाशी होते. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या जागेवर बसून राहते. हात लावला की पिसं फुगवून गुरगुरते. तिचं अंग तापतं, पोटाखालची पिसं गळतात, दाण्यावरची वासना जाते. तिला आता अंडी घालायची नसतात, पिलं काढायची असतात. घरच्या बाईला मात्र अंडीच पाहिजे असतात. मग ती कोंबडीला गार पाण्यात बुडव, पाय बांधून अंगणात टाक, नाकात पीस खुपस, असे उपाय करत बसते. याला खुडूक मोडणं म्हणतात.

आमच्या घरी उलटं होतं. लातूरला डाळमिलच्या मागं माझ्या सासऱ्यांची मोठी मोकळी जागा होती. तिथं माझी सासू लोकांच्या खुडूक कोंबड्या विकत घ्यायची. मोडू नको, मला आणून दे, असं तिनं आजूबाजूच्या सगळ्या बायांना सांगून ठेवलेलं. बाया खुशीनं आणून द्यायच्या, कारण त्यांच्या लेखी ती बिघडलेली कोंबडी असायची. सासू तिच्याखाली अंडी ठेवायची, पिलं निघून थोडी चालतीफिरती झाली की आई आणि पिलं एकत्र विकायची. हाच आमचा धंदा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला या कामाची शरम वाटायची. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले होते, आणि इथं सकाळ-संध्याकाळ अंगाला कोंबड्यांचा वास. पण सासूच्या मागं तो धंदा मीच चालवला आणि माझ्या मागं तो चालवायला कुणी नाही. ओळखीच्या एका मास्तरांनी दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणून लावून धरलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, कोंबड्यांबद्दल लिहायचं तर मला एका बाईबद्दल लिहावं लागेल. ते म्हणाले, चालेल.

आधी काम सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोंबडीखाली अंडी सारली की झालं. पण खुडूक झालेली प्रत्येक कोंबडी शेवटपर्यंत बसतेच असं नाही. काही दोन-चार दिवस नखरा करून उठून जातात. म्हणून आधी अंड्यांऐवजी नदीतले गुळगुळीत गोटे ठेवून बघायचे. गोट्यांवर नेटानं बसली तर मग खरी अंडी. टोपलीत खाली राख, वर गवत, त्यात सीताफळाचा पाला, कारण उवा झाल्या की कोंबडी जागा सोडते. आठवड्यानं एकेक अंडं अंधाऱ्या खोलीत कवडशासमोर धरून बघायचं. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर ते जिवंत, नुसतं पिवळं दिसलं तर वांझ. वांझ काढून टाकायचं. बाकीचं काम कोंबडी करते. अंडी उलटीपालटी करते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. तीन आठवडे असे जातात. पिलं निघाल्यावर त्यांना दाणा कसा टिपायचा, मुंग्यांचं वारूळ कसं उकरायचं, हे तीच दाखवते. आभाळात घार दिसली की तिचा एक वेगळाच आवाज निघतो. तो ऐकला की पिलं असतील तिथं जमिनीला चिकटून बसतात. आम्हाला तो आवाज काढता येत नाही. म्हणून माझी सासू कितीही गिऱ्हाईक आलं तरी आईपासून पिलं तोडून विकत नसे.

भूकंप झाला तेव्हा लातूर शहर हादरलं, पण उभं राहिलं. आमच्या जागेची एक भिंत पडली, तेवढंच. औसा-निलंग्याकडची गावं मात्र दगडमातीखाली गेली. पुढं थंडीच्या दिवसांत बाहेरगावच्या एका संस्थेनं तिकडच्या बायांना वाटायला आमच्याकडून पिलांसकट कोंबड्या घेतल्या. सासूला प्रवास झेपत नव्हता, म्हणून टेम्पोत बसून मी गेले. कोंबडी कशी सांभाळायची ते बायांना सांगायचं, एवढं माझं काम होतं. तिकडच्या बाया मला आपा म्हणायच्या.

औसा तालुक्यातलं ते गाव. गाव म्हणजे तेव्हा पत्र्याच्या शेडच्या रांगा. बाया पुढं येत होत्या, टोपलं घेत होत्या, काहीजणी पिलांकडं बघून हसतसुद्धा होत्या. एक बाई आलीच नाही. ती शेडच्या दारात बसून होती. तिचा नवरा नामदेव मला तिच्याकडं घेऊन गेला. वाटेत त्यानं हळू आवाजात सांगितलं की तो त्या रात्री शेतात राखणीला होता म्हणून वाचला, बायको चौकटीखाली सापडली म्हणून वाचली, पोरगा आणि पोरगी दोन्ही गेली. तिचं नाव कौशल्या. माझ्याच वयाची होती. मी टोपलं तिच्यासमोर ठेवलं. तिनं आत बघितलं नाही.

"मला जितं काई नगं, आपा," ती म्हणाली. "जितं असलं की मरतंय."

नामदेवनं टोपलं उचलून शेडच्या मागं ठेवलं. मी परत आले.

त्या टोपल्यातली पिलं एकेक करून घारीनं आणि कुत्र्यांनी नेली, कारण शेडच्या आसपास आडोसाच नव्हता. कोंबडी तेवढी राहिली, शेजारच्या शेडमधल्या एका कोंबड्याबरोबर ती चरायची. उन्हाळ्यात ती खुडूक झाली आणि मदतीत आलेल्या कपड्यांचा ढीग कौशल्याच्या शेडच्या कोपऱ्यात पडला होता, त्यात घातलेल्या अंड्यांवर जाऊन बसली. नामदेवनं टेम्पोवाल्याकडून मला निरोप पाठवला: कोंबडी बसली आहे आणि बायको तिला कुणाला उठवू देत नाही, एकदा येऊन जा.

मी भर दुपारी पोचले. पत्रा इतका तापलेला की सगळे लोक बाहेर लिंबाच्या झाडाखाली येऊन बसलेले. कौशल्या एकटी आत होती. तिनं कोंबडीच्या वर बाजेच्या आधारानं पोतं बांधलं होतं आणि घागरीतलं पाणी त्यावर शिंपडत होती. तिच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. मला बघून तिनं पहिला सवाल केला, हिला किती गरम चालतंय. मी सांगितलं की कोंबडीच्या अंगाची ऊब अंड्याला लागते, पण हवाच तिच्या अंगाहून तापली तर आतला जीव मरतो. बसलेली कोंबडी दिवसाउजेडी हलवली तर ती जागा सोडते, म्हणून दिवेलागणीला, टोपली वरून झाकून, सावकाश हलवायची. संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून तिला बाहेर झाडाच्या बुंध्याशी नेलं आणि भोवती दगड रचले. त्या कामात कौशल्या माझ्याशी पाचसहा शब्दच बोलली असेल. पण तिचा हात दगडाला लागत होता, हे नामदेव लांबून बघत उभा होता. पडलेल्या घरांचे ते दगड तोवर ती ओलांडूनसुद्धा जात नव्हती, असं त्यानं मला मागून सांगितलं.

पिलं निघाली तेव्हा ती एसटीनं एकटी लातूरला आली आणि आमचं घर विचारत विचारत दारात उभी राहिली. मी पाणी दिलं. ती म्हणाली, निम्मी निघाली. मी म्हटलं, एवढ्या उन्हात निम्मी निघाली म्हणजे लई झालं. तिनं मान हलवली आणि मग जे सांगितलं ते मी आजवर नवऱ्यालासुद्धा धड सांगितलेलं नाही.

अंडं फुटायच्या आदल्या दिवशी आतून पिलाचा आवाज येतो. कान लावला तर स्पष्ट ऐकू येतो. कौशल्याला हे माहीत नव्हतं. अंडी हलवताना तिनं तो ऐकला. एका अंड्याला चीर गेली होती, आतलं पिलू ओरडत होतं, पण बाहेर येत नव्हतं. तिनं सकाळपासून वाट बघितली आणि शेवटी नखानं कवच काढलं. पिलू बाहेर आलं, रक्त आलं आणि ते तिच्या तळहातावर मेलं.

"ढिगाऱ्याखालून बी आवाज येत होता, आपा," ती म्हणाली. "पोरीचा. दुसऱ्या दिवशीपातूर."

आमच्या कामात हा पहिला नियम आहे. कवच आपण फोडायचं नाही. पिलाच्या रक्ताच्या शिरा कवचाच्या आतल्या पापुद्र्याला लागलेल्या असतात, त्या आटल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि घाई केली तर मरतं. हे मी तिला सांगितलं, कारण सांगणं भाग होतं.

"मग नुसतं बसून ऐकायचं?" तिनं विचारलं.

माझी सासू आतून आली, तिच्याजवळ बसली आणि तिनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. कौशल्या तिथं रडली. भूकंपानंतर ती पहिल्यांदाच रडली, हेही मला नामदेवकडूनच कळलं.

त्यानंतर आमचं येणंजाणं सुरू झालं. नव्या गावठाणात त्यांना सिमेंटचं घर मिळालं. सरळ रस्ते, सारखी घरं, झाड नावाला नाही. कौशल्या त्या घरात स्वयंपाक करायची, पण स्लॅबखाली झोपायची नाही. बाराही महिने अंगणात बाज टाकून, पावसात वर ताडपत्री. कोंबड्यांसाठी मात्र तिनं कुडाचं ऐसपैस खुराडं केलं, भोवती एरंड आणि शेवगा लावला, म्हणजे घारीपासून पिलांना आडोसा होईल. दोन वर्षांत तिच्याकडं गावातल्या सगळ्यांहून जास्त कोंबड्या झाल्या. खुडूक झालेली एकही ती मोडत नसे.

त्या सुमाराला भूकंपात मुलं गेलेल्या बायांची नसबंदी उलटी करायची ऑपरेशनं होत होती. कौशल्यानं दुसऱ्या बाळंतपणानंतरच ऑपरेशन करून घेतलेलं. तिनं जावं की नाही, यावर ती वर्षभर अडून बसली. शेवटी मी बरोबर येते म्हटल्यावर तयार झाली. दवाखान्यात तिच्यासारख्याच बाया रांगेनं बसलेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेताना हात धरला आणि बाहेर आणेपर्यंत सोडला नाही, असं ती नंतर कितीदा तरी सांगायची. बऱ्याच जणींना त्या ऑपरेशनचा गुण आला नाही. कौशल्याला आला. मुलगी झाली. नाव उमा ठेवलं. बारशाला मी आणि सासू गेलो होतो. पोरगी डॉक्टर करायची, हे तिनं त्या दिवशी पाळण्यापाशीच सांगितलं. सगळे हसले. ती हसली नाही.

इकडं लातूर बदलत चाललं होतं. आधी एक क्लास आला, मग गल्लीगल्लीत क्लास झाले. डॉक्टर-इंजिनीअर व्हायला मराठवाडाभरातून, पुढं पुढं लांबून, पोरं यायला लागली. नांदेडची पोरं, किनवट-इस्लापूरकडची पोरं, कधी आईबापाला सोडून न राहिलेली. त्यांना राहायला खोल्या, जेवायला मेस, बसायला अभ्यासिका. आमच्या दिरांनी सासूच्या मागं त्यांचे हिस्से विकले. जिथं आमच्या कोंबड्या चरायच्या तिथं तीन मजली हॉस्टेल झालं. आमच्याकडं दोन खोल्या आणि मागं चिंचोळी पट्टी राहिली.

एका क्लासचे सर माझे नेमाचे गिऱ्हाईक होते. देशी अंड्यानं मुलांची बुद्धी वाढते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून ते टोपलीभर अंडी घेऊन जायचे आणि चाचणीच्या दिवशी हुशार मुलांना उकडून खायला घालायचे. बिनहुशार मुलांना नाही. मी एकदा विचारलं की ज्यांना बुद्धी कमी त्यांना द्यायला नको का, तर ते म्हणाले, निकाल वरच्या पोरांचा लागतो. हेच सर पुढं हॉस्टेलच्या मॅनेजरला घेऊन आमच्या दारात आले. बोलणं फार सभ्य होतं. मुलं उशिरापर्यंत वाचतात, नुकती कुठं झोपलेली असतात, आणि तुमचा कोंबडा ओरडतो. पालक तक्रार करतात. माझा नवरा डाळमिलमध्ये कामाला होता, मिलच्या मालकाचा भाचा हॉस्टेलमध्ये भागीदार होता. आम्ही कोंबडा काढला.

इथं पुन्हा जरा काम सांगावं लागेल. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी देते, पण त्यातून पिलू निघत नाही. कोंबडा गेला म्हणजे आमचा धंदाच गेला. मी कौशल्याला निरोप दिला. तिनं पुढच्याच एसटीनं अंडी आणली, भुश्यात एकेक रोवून, डबा मांडीवर धरून. तिच्याकडं कोंबडे होते आणि माझ्याकडं खुडूक कोंबड्या. गाडीत हिसके बसलेली अंडी एक दिवस तशीच शांत ठेवायची, मग कोंबडीखाली सारायची. अशी आम्ही दोघींनी कितीतरी वर्षं काढली. पोरगी तिच्याबरोबर असायची. हॉस्टेलच्या सावलीतल्या त्या पट्टीत उमा पिलांमागं फिरायची. सगळ्यात मागं राहणारं पिलू तिला लगेच कळायचं. ती ते उचलायची नाही, नुसती त्याच्यामागं चालायची, ते आईपर्यंत पोचेपर्यंत.

उमा हुशार निघाली. दहावीला तालुक्यात नंबर आला, गावानं वेशीत तिचा फोटो लावला. मधल्या काळात नामदेव काविळीनं गेला होता. कौशल्यानं शेत बटईनं दिलं, घराला कुलूप लावलं आणि पोरीला क्लासला घालायला ती स्वतः लातूरला राहायला आली. पोरीला एकटीला हॉस्टेलात ठेवायची तिची तयारी नव्हती. कुलूपबंद घरात कोंबड्या ठेवता येत नाहीत. तिनं त्या सगळ्या बाजारात विकल्या. माझ्याकडं आणाव्यात तर माझ्याकडं जागा नव्हती. कोंबडे गेले, अंडी थांबली, आणि माझ्याकडच्या शेवटच्या दोन-तीन खुडूक कोंबड्या गोट्यांवर बसून राहिल्या.

आमच्या मागच्या गल्लीत त्यांना तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. कौशल्या सकाळी एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची. स्लॅबखाली तिला अजून झोप लागत नसे. ती जिन्याच्या तोंडाशी, गॅलरीत चटई टाकायची. कधी वरच्या मजल्यावर पलंग सरकवला तरी उठून पोरीचा दंड धरायची. उमा तिला समजावायची, आई, पलंग हाय गं. सुरुवातीला हसत, नंतर नुसतंच.

पहिल्या वर्षी मेडिकलला थोडक्यात नंबर हुकला. सगळे म्हणाले, पुन्हा बस. अशा मुलांना इथं रिपीटर म्हणतात, त्यांची वेगळी तुकडी असते. उमा रिपीटरमध्ये गेली. त्या वर्षी ती माझ्याकडं येईनाशी झाली. मी डबा घेऊन जायची, तर दार उघडायची, डबा घ्यायची, आत जायची. एकदा मात्र आपणहून आली. मागच्या पट्टीत माझी एक कोंबडी बसलेली होती, तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मावशी, हिच्याखाली काय हाय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, गोटे आहेत.

ती म्हणाली, "मला गावाकडं जाऊन ऱ्हायचंय. आईला तुम्ही सांगा."

मी त्याच दिवशी कौशल्याला सांगितलं. पोरगी खंगली आहे, तिला घरी ने, परीक्षा राहू दे. आमच्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलणं झालं. कौशल्या म्हणाली की एवढं सगळं कुणासाठी केलं, एक वर्षाचा तर सवाल आहे. मी म्हटलं, ती बोलत नाही, तुला दिसत नाही का. ती म्हणाली, अभ्यास करणारं पोर बोलत न्हाई, सगळ्याच पोरांचं असंच असतंय. आणि त्या गल्लीत ते खरंही होतं. पाठीला बोचकं लावून खाली मान घालून जाणारी शेकडो पोरं. त्यात आपलं वेगळं कसं ओळखायचं? मी दोन-तीनदा पुन्हा विषय काढला. मग तिनं माझ्याकडं येणं कमी केलं.

दुसऱ्या वर्षी मार्क पहिल्याहून कमी आले. तिसऱ्या वर्षी उमा परीक्षेच्या दिवशी उठलीच नाही. आजारी नव्हती. भिंतीकडं तोंड करून पडून होती. कौशल्यानं आधी विनवलं, मग ओढलं, मग माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी गेले. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, नाव घेतलं. डोळे उघडे होते. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो, आणि खालून परीक्षेला निघालेल्या पोरांच्या रिक्षा जात होत्या.

लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वेळ लागेल म्हणाले. वेळ किती ते त्यांनाही माहीत नव्हतं. कौशल्या तिला घेऊन गावी परतली.

मला वाटलं, तिच्या अंगणात पुन्हा कोंबड्या आल्या तर बरं होईल. दोघींनाही. मी चाकूरच्या बाजारात गेले, मग नांदेडच्या बाजारात गेले. गावरान म्हणून सांगितल्या, त्या कोंबड्या घेतल्या. रंग गावरान, चाल गावरान. कौशल्याच्या खुराड्यात सोडल्या. अंडी भरपूर दिली. पण वर्ष गेलं तरी एकही खुडूक झाली नाही. मशीनमध्ये उबवलेल्या, संकराच्या जातींमधून बसायची सवयच काढून टाकलेली असते, कारण बसणारी कोंबडी तेवढे दिवस अंडी देत नाही. बाजारात आता सगळीकडं त्याच आहेत. ज्या गावांतून मी खुडूक कोंबड्या आणायची तिथं जाऊन विचारलं. बाया म्हणाल्या, आपा, आता कुठं कोण बसवतंय, पिलं पेटीत मिळतात. तरुण पोरींना तर शब्दच कळला नाही. आयुष्यभर मी जे काम केलं त्याचं नाव सांगितलं, आणि त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

माझी शेवटची कोंबडी म्हातारी होऊन मेली. पट्टीत आता हॉस्टेलवाल्यांची पाण्याची टाकी आहे. त्यासाठी त्यांनी ती पट्टी भाड्यानं घेतली.

मी अधूनमधून कौशल्याकडं जाते. सकाळच्या एसटीनं जायचं, शेवटच्या एसटीनं यायचं. उमा आता तिशीला टेकली आहे. अंगणातल्या बाजेवर नाहीतर आत भिंतीशी असते. आंघोळ घातली तर घालून घेते, भरवलं तर खाते. गोळ्या चालू आहेत. कौशल्या शेतावर मजुरीला जाते तेव्हा शेजारणीला बसवून जाते. मी गेले की आम्ही दोघी शेंगा निवडत बसतो. बोलायचं सगळं बोलून झालेलं आहे. एकदा शेंगा निवडता निवडता ती म्हणाली, "आधीच्या दोघांचं कळलं तरी, आपा. हिचं कळतच न्हाई. म्होरं बसलीय, अन् हाक पोचत न्हाई."

मी विचारलं, माझ्यावर राग आहे का, मी तेव्हा जास्त जोर लावला नाही म्हणून. तिनं मान हलवली. तुम्ही सांगितलं होतं, ती म्हणाली, मीच ऐकलं न्हाई. मग पुढं म्हणाली की ऐकलं असतं तरी काय झालं असतं ते कुणाला ठाऊक. हे ती माझी समजूत घालायला म्हणाली की स्वतःची, ते मी विचारलं नाही.

मागच्या खेपेला निघायची वेळ झाली. मी चपला घातल्या, पिशवी उचलली. आतून आवाज आला. इतक्या दिवसांत न ऐकलेला, त्यामुळं आधी वाटलं शेजारची कुणी आहे.

"मावशी, आज ऱ्हावा."

कौशल्याच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. आत जावं की न जावं ते कळेना. एसटी फाट्यावर येऊन उभी राहिल्याचा हॉर्न ऐकू आला. मी चपला काढल्या. घरी फोन करून सांगितलं की येत नाही. आत गेले आणि तिच्याजवळ खाली बसले.

सकाळी उठले तेव्हा उमा भिंतीकडं तोंड करून होती. जागी होती. मी हाक मारली, कौशल्यानं हाक मारली. ती वळली नाही. कौशल्यानं चुलीवर तिघींचा चहा ठेवला होता. तिनं मला एक कप दिला, स्वतः एक घेतला, आणि तिसऱ्यावर बशी पालथी घालून तो चुलीच्या कडेला, ऊब राहील असा ठेवला.